कोल्हापूरचे चार दिवस आणि शून्याच्या खालचे आकडे

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन कोल्हापूरला आत्याकडं जाऊन आलो. पोरगी सहावीत आहे, यंदा पूर्णांक संख्या हा धडा आलाय आणि चाचणी परीक्षेत तिथंच मार्क गेले. निघायच्या आदल्या दिवशी ताईनं पेपर दाखवला. -१२ आणि -५ यांच्यामध्ये चिन्ह टाकायचं होतं, हिनं -१२ मोठी केली होती. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "मामा, बारा पाचापेक्षा मोठेच असतात ना, मग नुसती एक रेघ मारली की लहान कसे होतील?" मला तिचा प्रश्न एकदम रास्त वाटला. पुढं आणखी गंमत, वर्गात सांगितलेलं "मायनस असलं की उलटं करायचं" हे तिनं इतकं पक्कं धरलेलं की -३ आणि २ मध्ये पण उलटं केलं आणि -३ मोठी ठरवली. म्हणजे नियम पाठ होता पण आकडे राहतात कुठं हे डोळ्यासमोर नव्हतं. म्हटलं पुस्तक घरी ठेव, बघू कोल्हापुरात काय काय दिसतंय.

रात्र: महालक्ष्मी एक्स्प्रेस

कल्याणला गाडी पकडली. समोरच्या बर्थवर एक काका होते, सैन्यातनं रिटायर झालेले, शिरोळ तालुक्यातले, जयसिंगपूरला उतरणार होते. डबा उघडला तर भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि आम्हाला दिल्याशिवाय स्वतः घास घेईनात. खिडकीतनं वारं यायला लागलं तशी भाची शाल ओढून बसली, ते बघून म्हणाले, "ह्याला गार म्हणतीस व्हय पोरी? मी सियाचीनला होतो."

मग तासभर आम्ही दोघं नुसते ऐकत बसलो. उणे तीसला उघड्या हातानं लोखंड धरायचं नाही, कातडी चिकटते. उणे दहा झालं की पोरं म्हणायची आज बरं ऊन पडलंय. आणि रात्री त्याच्याही खाली, उणे चाळीस, कधी उणे पन्नास. पारा साधारण उणे ३९ ला स्वतःच गोठतो, त्यामुळं तिथं पाऱ्याचा थर्मामीटर कामाचा नाही हे पण त्यांनीच सांगितलं, आणि उणे ४० हा एकच आकडा असा की सेल्सिअस म्हणा नाहीतर फॅरनहाइट, दोन्हीकडं तोच.

भाचीला विचारलं त्यांनी, "उणे तीस आणि उणे दहा, थंडी कुठं जास्त?"

"उणे तीसला."

"आणि पारा कुठं वर?"

"उणे दहाला."

"मग आकडा मोठा कुठला?"

ती गप्प. माझ्याकडं बघितलं, मी पण काही बोललो नाही. काकांनी हाताची बोटं हवेत वरखाली केली, "थंडी मोजायचं यंत्र नसतंय बाळा, यंत्र ऊब मोजतंय. थंडी वाढली म्हंजे ऊब घटली. आकडा उबेचा हाय."

हे वाक्य मी मोबाईलवर लिहून घेतलं. आपल्या बोलण्यात "थंडी जास्त", "कर्ज जास्त", "खोली जास्त" असं येतं, तोंडी सगळं वाढतच असतं, आणि आकडा मात्र खाली चाललेला असतो. पोरांची गफलत नेमकी इथं होते असं मला वाटतं. बारा हे पाचापेक्षा मोठे आहेत हे तिचं खोटं नव्हतंच, उणे बारा शून्यापासून लांब आहे हे खरंच आहे. फक्त लांब म्हणजे मोठं नव्हे.

(ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दिवाळीत ही गाडी लवकर फुल होते, तारीख ठरली की लगेच तिकीट काढा. आणि नोव्हेंबरात रात्री शाल लागतेच.)

दिवस पहिला: मिसळ, अंबाबाई, आणि आत्याचा उंबरा

सकाळी उतरलो, रिक्षा, आत्याचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटापासून चालत पाच-सात मिनिटं. आत्यानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, "लई वाळलीस गं" हे भाचीला ऐकायला लागलंच, आणि आतेभाऊ लगेच मिसळ खायला घेऊन गेला. कोल्हापूरची मिसळ पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते, कट वेगळा मागायचा, लहान पोरं बरोबर असतील तर आधी कट थोडा घालून बघा आणि दही सांगून ठेवा. भाचीनं डोळ्यातनं पाणी येईपर्यंत खाल्ली आणि परत कट मागितला.

मग अंबाबाईचं दर्शन. किरणोत्सव आमचा हुकला. ९ ते ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. जमलं तर त्या तारखा धरूनच जा. महाद्वार रोडला आत्या बाजार करत होती, बाईशी घासाघीस "पावणेदोनशे घे", आणि भाचीनं विचारलं पावणेदोनशे म्हणजे किती. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की आपल्या मराठीत उणे किती ठिकाणी बसलंय. पावणे म्हणजे पाव उणे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे तसेच. पोरगी वाटभर मोजत आली, एकोणपन्नास, एकोणसाठ, आणि एकोणऐंशीला थांबून म्हणाली म्हणजे आपण वीसच्या मागं जाऊन बोलतो, वीसला शून्य धरल्यासारखं! वीसला शून्य धरलं तर एकोणीस म्हणजे उणे एक. हे तिचं तिनं काढलं, मी नाही सांगितलं.

संध्याकाळी घाटावर गेलो. नोव्हेंबरात पाणी शांत असतं, पायऱ्या उघड्या, दिवे सोडायला आलेली माणसं, एक म्हातारे गृहस्थ कबुतरांना ज्वारी टाकत होते. ह्या नदीकडं बघून पटत नाही की जुलै-ऑगस्टमध्ये ही गावात शिरते. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं भेटली की जेवलास का विचारायच्या आधी "फूट किती झालं?" विचारतात. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात.

रात्री जेवताना, तांबडा-पांढरा होता, आत्याच्या हातचा पांढरा रस्सा हा वेगळाच विषय आहे त्यावर परत कधीतरी लिहीन, आत्यानं २०१९ सांगितलं. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं तो ऑगस्ट. "आमाला ४३ शी काय देणंघेणं न्हाई बग. आमचा उंबरा ४७ ला हाय. ४७ झालं की पाणी उंबऱ्याला लागतंय. म्हणून मी रेडिओवर फूट ऐकलं की त्यातनं ४७ वजा करते." दहा वर्षांचा कपाट, गाद्या, सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ, सगळं सोडून रात्री नावेतनं बाहेर पडले होते. परत आले तेव्हा भिंतीवर छताजवळ चिखलाची सरळ रेघ होती. ती रेघ त्यांनी अजून पुसलेली नाही, शेजारी पेन्सिलनं २०१९ लिहिलंय. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, पण तेव्हा आत्यानं आधीच सामान माडीवर चढवलं होतं.

हे ऐकल्यावर भाचीनं वही काढली. (पुस्तक नको म्हटलं होतं, वही आणलेली.) तीन रकाने पाडले, पट्टीवरचं पाणी, धोक्यापासून, आज्जीच्या उंबऱ्यापासून. पाणी ३९ ला असेल तर पट्टीवर ३९, धोक्यापासून -४, उंबऱ्यापासून -८. ४५ ला असेल तर ४५, +२, -२. आणि ५५ ला ५५, +१२, +८. मी विचारलं ह्या तीन रकान्यांत काय सारखं आहे. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "शून्य कुठंही ठेवलं तरी ३९ वालं सगळ्यात खाली आणि ५५ वालं सगळ्यात वर. रांग बदलत नाही."

मला खरंच भरून आलं. कारण गणित इथंच आहे. -८, -२, ८ ही रांग आणि ३९, ४५, ५५ ही रांग एकच पाणी आहे. कुणी -८ ला -२ पेक्षा मोठं म्हणालं तर तो असं म्हणतोय की ३९ फूट पाणी ४५ फुटांपेक्षा वर आहे, आणि शुक्रवार पेठेत असं कुणी म्हणणार नाही.

आत्या वही बघून म्हणाली, "दोन उणे म्हंजे अजून दोन फूट हायत. तेवढ्यात मी गॅस सिलिंडर माडीवर नेते."

दिवस दुसरा: पन्हाळा

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. एसटी आहे, पण सुट्टीत गर्दी फार, आम्हाला पहिल्या गाडीत चढायलाच मिळालं नाही, पाऊण तास गेला, शेवटी वडाप (शेअर जीप) केली. सकाळी साडेसातच्या आत निघालात तर धुकं पण मिळतं आणि जागा पण.

वर गारवा होता, धुकं इतकं की तीन दरवाजाची कमान दहा पावलांवरनं दिसेना आणि मग एकदम समोर उभी राहिली. अंबरखान्यात, गंगा-यमुना-सरस्वतीची ती प्रचंड धान्यकोठारं, आत आवाज घुमतो, भाचीनं ओरडून बघितलंच. सज्जा कोठीतनं खालचं खोरं बघत असताना एका आजोबांनी नातवाला १६६० चा वेढा आणि महाराज विशाळगडाकडं कसे निसटले ते सांगायला सुरुवात केली आणि आम्ही पण तिथंच बसून सगळं ऐकलं, पावनखिंडीपर्यंत. अशा वेळी माहिती फलक वाचायची गरज पडत नाही.

मी मुद्दाम वेळ ठेवला होता तो अंधार बावीसाठी. काळ्या दगडातली तीन मजली वास्तू, तळाशी विहीर, वर पहारा, आणि मधल्या मजल्यातनं तटाबाहेर जायची वाट. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर अशी इमारत चढवलेली. पायऱ्या उतरताना भाची मोजत होती, जमीन शून्य, मग उणे एक, उणे दोन, खालनं गार वाफारा यायला लागला. मधल्या मजल्यावर थांबली आणि म्हणाली, मी शून्य इथं ठेवते. का गं? "कारण पळून जायचा दरवाजा इथं आहे. सैनिकाला इथनं वर का खाली एवढंच कळलं पाहिजे." म्हणजे पहारेकरी अधिक एक, पाणी उणे एक. कालचा उंबरा तिच्या डोक्यात होता हे मला कळलं. लोकांनी शून्य तिथं ठेवलं जिथनं त्यांचं काम सुरू होतं. बर्फ जिथं वितळतो तिथं सेल्सिअसचं शून्य, समुद्राची सपाटी उंचीचं शून्य.

त्यावरनं परत येताना समुद्रसपाटी निघाली. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, पन्हाळा त्याच्याही बराच वर. केरळात कुट्टनाडला समुद्रसपाटीच्या खाली भात पिकवतात, बांध घालून. मृत समुद्राचा काठ तर उणे चारशे मीटरच्याही खाली. भाचीला विचारलं, मग मृत समुद्र खोल आहे का कुट्टनाड? मृत समुद्र. मग उंची कुणाची जास्त? कुट्टनाडची. एका दमात दोन्ही उत्तरं दिली आणि दोन्ही बरोबर. रेल्वेतल्या काकांची आठवण काढली आम्ही.

येताना झुणका-भाकर, दही, कांदा. पन्हाळ्यावर हॉटेलात बसण्यापेक्षा रस्त्याच्या कडेला बायका चुलीवर भाकरी करून देतात तिथं खा. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो, म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात, साखर न घालता. शहरातल्या पोरांना हे एकदा तरी दाखवाच.

दिवस तिसरा: गुऱ्हाळ

हा दिवस सगळ्यात मोठा झाला आणि सगळ्यात आवडीचा पण. आत्याचे दीर, सगळे त्यांना तात्या म्हणतात, करवीर तालुक्यात त्यांची शेती, शेजारीच गुऱ्हाळ. नोव्हेंबरात हंगाम सुरू झालेला असतो. लांबूनच वास येतो, उकळत्या रसाचा गोड आणि चिपाडाच्या धुराचा कडवट, दोन्ही एकत्र. मोठी काहील, खाली चुलवाण, एक माणूस सारखी चिपाडं आत ढकलतोय, तो जळव्या. आणि काहिलीजवळ गुळव्या, ज्याच्या डोळ्यावर सगळा गूळ अवलंबून. भेंडीचा रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. गुळव्यानं आमच्यासमोर उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटानं गोळी वळली, कानाजवळ नेऊन भांड्यावर आपटली, आणि ओरडला, उतरवा! तिथं पाक साधारण ११८ अंशाच्या आसपास असतो, थर्मामीटर नाही, काही नाही, फक्त गोळीचा आवाज. वाफ्यात ओतला, घोटला, आणि आम्हाला उसाच्या कांडीवर गरम गूळ मिळाला. जीभ भाजते, फुंकर मारत खा. बाटली घेऊन जा, काकवी मिळते.

दुपारी सावलीत सगळे जेवायला बसले. जळव्या दादानं विचारलं पोरगी वहीत काय लिहिते सारखं. तिनं सांगितलं अधिक-उणेचे आकडे. तो म्हणाला, "मग आमचं पण लिहून घे की. माझ्या अंगावर सहा हजार उचल हाय. ह्या गड्याच्या अंगावर अडीच. आणि गुळव्याचं मालकाकडनं येणं हाय, बाराशे." हे त्यानं अगदी सरळ सांगितलं, बाकीचे पण मान हलवत होते.

भाचीनं लिहिलं, -६०००, -२५००, +१२००. आणि इथं तिचं परत अडकलं. म्हणाली सहा हजार सगळ्यात जास्त. तात्या म्हणाले, "जास्त हाय खरं, पर काय जास्त हाय? देणं जास्त हाय. आता सांग, कोण आधी मोकळा हुईल?"

"अडीचवाला."

"मग शून्याच्या जवळ कोण?"

तिनं रेघ मारली, मधे शून्य, डावीकडं अडीच हजार, आणखी डावीकडं सहा हजार. जळव्या दादा वाकून बघत होता. म्हणाला, "म्हंजे मी लईच डावीकडं. हंगाम संपस्तोवर मला हिकडं यायचंय," आणि बोट शून्यावर ठेवलं. पोरगी एकदम हळू आवाजात म्हणाली, याल दादा.

धन आणि ऋण हे शब्द तिला शाळेत नुसते शब्द होते. मी तिला तिथं सांगितलं की हे शब्द ब्रह्मगुप्ताचे, इ.स. ६२८ मध्ये त्यानं धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले, आणि ऋण म्हणजे कर्जच. भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. बख्शाली हस्तलिखितात (गणिताची जुनी भारतीय पोथी) तर ऋण दाखवायला आत्ताच्या अधिक चिन्हासारखी खूण आहे! युरोपातले काही मोठे गणिती सतराव्या-अठराव्या शतकातही ऋण संख्यांना बिचकत होते, काहीच नाही त्याच्यापेक्षा कमी कसं असेल म्हणून. आणि इकडं "अंगावर" आणि "येणं" हे दोन शब्द गुऱ्हाळावरच्या प्रत्येकाला कळतात. माझं मत आहे, पटो न पटो, की सहावीच्या वर्गात संख्यारेषेच्या आधी हे दोन शब्द फळ्यावर यायला हवेत.

तात्यांनी दूध संस्थेचं पासबुक पण दाखवलं. दहा दिवसाला बिल निघतं, त्यातनं पशुखाद्य आणि ॲडव्हान्स कापून घेतात. म्हैस आटली त्या दहा दिवसांत दुधाचे ९०० झाले आणि खाद्याचे १,४०० कापले, म्हणजे -५००. पुढच्या वेळी -१५०. "सुधारलं बग," तात्या म्हणाले. आकडा दिसायला पाचशेवरनं दीडशेवर आला आणि तात्या सुधारलं म्हणतात, हे भाचीनं स्वतः मला दाखवलं.

परतीच्या वाटेत गाडीत आतेभावानं त्यात भर घातली. तो एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. शुद्ध दूध शून्याला गोठत नाही, थोडं खाली, उणे ०.५४ अंशाच्या आसपास गोठतं, कारण त्यात साखर आणि क्षार विरघळलेले असतात. पाणी मिसळलं की तो आकडा शून्याकडं सरकायला लागतो, कारण पाणी शून्याला गोठतं. म्हणजे -०.५४ ऐवजी -०.४५ आलं तर दुधात साधारण सहावा हिस्सा पाणी. "आता सांग, -०.४५ मोठी की -०.५४?" भाची म्हणाली -०.४५ मोठी, शून्याच्या जवळ. "आणि दूध कुठलं चांगलं?" ... "-०.५४ वालं. लहान वालं!" आणि मग गप्प झाली आणि रंकाळा तलाव येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, मामा, उचलीत मोठा आकडा चांगला होता, दुधात लहान चांगला आहे, पुरात पण लहान चांगला. म्हणजे मोठा आणि चांगला याचा एकमेकांशी संबंध नाही.

रंकाळ्यावर भेळ खाल्ली. गार वारं होतं. ह्यापेक्षा जास्त काही केलं नाही त्या संध्याकाळी.

दिवस चौथा: टाउन हॉल, आइस्क्रीम, पायऱ्या

सकाळी टाउन हॉल म्युझियम. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकामात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघायलाच हवी, ग्रीक-रोमन समुद्रदेव आणि सापडला पंचगंगेकाठी, दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार त्या एवढ्याशा मूर्तीत उभा आहे. भाचीनं फलकांवर इ.स.पू. वाचलं आणि इ.स.पू. २०० आधी की इ.स.पू. १०० हे न विचारताच बरोबर सांगितलं. तिला एक मात्र नवीन होतं, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य साल नाही. त्यामुळं इ.स.पू. ५ ते इ.स. ५ ही नऊच वर्षं. हे तिला अजिबात आवडलं नाही. म्हणाली शून्य ठेवायला पाहिजे होतं.

दुपारी चप्पल खरेदी (कातडं वाकवून बघा, भाव सांगतील त्यावर बोला, आणि पहिले दोन दिवस आत खोबरेल तेल लावा) आणि आइस्क्रीम कॉकटेल. पहिल्या दुकानात आइस्क्रीम मऊ, पाणी सुटलेलं, फ्रीझरवर -९. दुसऱ्या दुकानात -१८ आणि आइस्क्रीम घट्ट. गोठवलेले पदार्थ -१८ ला ठेवायची पद्धत आहे, आणि तो आकडा फॅरनहाइटमध्ये बघितला तर जवळजवळ शून्यच येतो. परत कुणाचंतरी दुसरं शून्य. भाचीनं हिशोब मांडला, गुळाचा पाक ११८, फ्रीझर -१८, आपण दोन दिवसांत १३६ अंश फिरलो.

निघायच्या आधी ती दारात खडू घेऊन बसली होती. आत्याच्या उंबऱ्याखाली रस्त्यापर्यंत तीन पायऱ्या आहेत. उंबऱ्यावर ० लिहिला, पहिल्या पायरीवर -१, मग -२, सगळ्यात खाली -३. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली, बघितलं, आणि आत जाऊन ऑइलपेंटचा डबा घेऊन आली, माडीच्या ग्रिलला लावलेला उरला होता. खडूवरनं तिनं स्वतः ब्रश फिरवला.

"पावसाळ्यात मी फोन करीन," आत्या म्हणाली. "पाणी कुठल्या पायरीला हाय ते सांगीन. तू सांगायचं, उणे एक बरं का उणे दोन."

"उणे दोन, आज्जी. उणे तीन त्याच्याहून बरं."

"आणि मोठं कुठलं?"

"उणे एक."

आत्यानं डब्याचं झाकण लावलं आणि आम्हाला डबा भरून द्यायला आत गेली, भडंग, काकवीची बाटली आणि रात्रीच्या गाडीसाठी दशम्या.